मुंग्यांची भूक आणि माझी मुदतवाढ

घर, दोन लहान मुलं आणि संशोधन हे सगळं एकत्र कसं जमवायचं, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी खुशाल माझ्याकडे यावं. फी घेणार नाही! अहो, सगळा खेळ नियोजनाचा असतो. मी मुंग्यांवर संशोधन करते. हजारो मुंग्या माझ्या शिस्तीत राहतात, तिथे दोन पोरांचं काय घेऊन बसलात?

आता त्या दिवशीचंच बघा. आमच्या प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की गाशा गुंडाळायला लावायचा, हे ठरवायला समिती येणार होती. मुदतवाढ नाही मिळाली तर प्रयोगशाळेला कुलूप, माझी सहायिका घरी आणि तिच्या मागोमाग मीही घरी. आणि नेमका त्याच सकाळी पाळणाघराच्या काकूंना ताप! नवरा परगावी. दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून बसली असती. मी डबा भरला, दोन्ही पोरं काखोटीला मारली आणि प्रयोगशाळा गाठली.

थोरली सहा वर्षांची. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण ती उलटतपासणी घेतल्याशिवाय दातसुद्धा घासत नाही. धाकटा तीन वर्षांचा. तो भुंगा. दिवसभर गुणगुणतो आणि दिसेल त्या फटीत घुसतो.

"मागच्या खोलीत बसायचं, चित्रं काढायची, भूक लागली की डबा खायचा," मी बजावलं. "आणि मुंग्यांच्या पेटीला हात लावायचा नाही! कळलं?"

"त्या कधी जेवणार?" वकीलबाईंचा पहिला प्रश्न.

"त्यांना परवापासून काही दिलेलं नाही. भुकेल्या मुंग्या साखरेच्या पाण्याकडे जायला जवळची वाट बरोबर शोधतात. तेच तर पाहुण्यांना दाखवायचंय."

"परवापासून?" तिचे डोळे एवढाले झाले. "आणि आम्ही एक घास टाकला तरी ओरडतेस!"

"ते वेगळं. हे विज्ञान आहे!"

तिला पटलं. निदान मला तसं वाटलं.

समिती वेळेवर आली. अध्यक्षबाई कडक इस्त्रीच्या, हसू घरी ठेवून आलेल्या. सोबत टायवाले एक तज्ज्ञ. मी असं काही भाषण ठोकलं की विचारू नका! मग सहायिकेने मागच्या खोलीतून पेटी आणून मोठ्या टेबलावर ठेवली. पेटीवर जाड लाल झाकण असतं, म्हणजे आत मुंग्यांना अंधार मिळतो. पेटीपासून दोन वाटा निघतात, एक लांबची, एक जवळची. दोन्ही साखरेच्या पाण्यापाशी पोचतात.

"आता बघा, कशा धावतील!" मी ऐटीत पेटीचं दार उघडलं.

कोणी धावलं नाही. बऱ्याच वेळाने एक मुंगी दारात आली. तिने मिशा साफ केल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

"त्या... वाटांचा अंदाज घेताहेत," मी म्हणाले.

आणखी एक आली. साखरेच्या दिशेने नाक मुरडून तीही परतली. बाकीच्या ढिम्म! तेवढ्यात टायवाले खुर्चीतून अर्धे उठले.

"एक मिनिट! इतक्या भुकेल्या असून साखर नाकारताहेत? हा तर नवाच शोध आहे!"

खरं सांगते, मोह झाला हो! "आम्ही त्याही दिशेने विचार करतोय," मी म्हणून गेले. सहायिकेला जोराचा खोकला आला.

"म्हणजे हा संयम उपजत असतो?" टायवाले रंगात आले.

"असू शकतो! पिढ्यान्‌पिढ्यांचा संयम!"

"खोटं!" मागून आवाज आला. दारात वकीलबाई उभ्या होत्या, कमरेवर हात. "त्यांचं पोट भरलंय."

अध्यक्षबाईंनी स्वतः लाल झाकण उचललं. आत जॅम लावलेला ब्रेड, कुस्करलेलं केळं आणि त्यावर माझी अख्खी वसाहत सुस्त पसरलेली!

"मी हात लावू नका म्हटलं होतं ना?" मी किंचाळले.

"हात नाही लावला. चमच्याने वाढलं."

"अगं, पण एवढं सगळं?"

"त्या खूप जणी आहेत ना," भुंगा तिच्या मागून म्हणाला.

"मग तुम्ही दोघांनी काय खाल्लं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काहीच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आमचं सकाळी दूध झालं होतं. त्यांचं तर परवापासून काहीच नव्हतं."

सकाळपासून मी तीनदा मागच्या खोलीत जाऊन आले होते, पण तिन्ही वेळा पेटीचं तापमान बघायला! पोरं जेवली का, हे विचारायचं सुचलंच नाही. रडूच कोसळायचं, पण समितीसमोर रडायचं कसं?

आणि तेवढ्यात भुंग्याला बिस्किटं दिसली. पाहुण्यांच्या चहाबरोबर ठेवलेली, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. टेबलाला वळसा घालून जाणारी वाट लांबची होती. भुंगा क्षणभर थांबला आणि सरळ टेबलाखाली घुसला! टायवाल्यांच्या दोन पायांमधून सुसाट निघून तो बशीपाशी उभा राहिला. त्याच्या मागोमाग, त्याच वाटेने, वकीलबाई! टायवाले पाय वर घेऊन बसले होते.

दोघांनी दोन्ही हातांनी बिस्किटं कोंबायला सुरुवात केली. खोलीत फक्त कुरुमकुरुम आवाज येत होता. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या बशीतली बिस्किटंही पोरांपुढे सरकवली.

"भुकेल्या जिवाला जवळची वाट बरोबर सापडते, हा तुमचा मुद्दा," त्या म्हणाल्या. "पटला मला."

"म्हणजे... मुदतवाढ?"

"दिली. संयमाचं तेवढं अहवालात घालू नका." त्या उठल्या आणि दारापाशी थांबल्या. "आणि पुढच्या वेळी उपाशी मुंग्यांना ठेवा. पोरांना नको."

"हो मॅडम!" मी ठणकावून म्हणाले. एवढ्या आत्मविश्वासाने मी आजवर कधी मान खाली घातली नव्हती.