पिसासारखा पूल

‘हलकं आणि भक्कम? पोरी, ही दोन्ही एका घरात नांदत नाहीत!’

घणाच्या दोन घावांमधल्या उसंतीत बाबा हे ओरडून सांगायचे. मी तेव्हा त्यांच्या गुडघ्याएवढी, कानांत बोटं घालून उभी. बाबांनी जन्मभर लोखंड ठोकलं. फाटकं, जाळ्या, जिने. आणि त्यांची लेक मोठी होऊन लागली कुठे? फायबरच्या कारखान्यात! आम्ही काचेच्या धाग्याचं कापड साच्यावर थरांनी अंथरतो, त्यात रेझिन मुरवतो, आणि ते घट्ट झालं की पवनचक्कीचं पातं तयार. अख्खं वादळ अंगावर घेईल, पण तेवढ्याच आकाराचं लोखंडी पातं त्याच्यापुढे गजगामिनी!

म्हणून मी घरात जाहीर केलं, ‘बाबांना असा पूल करून देते, की उचलायला पीस आणि पेलायला पहाड!’

पुलाची गरज अशी. मी आणि आमचे हे बाबांकडेच राहतो. घर आणि बाबांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एक नाला आहे आणि नाल्यावर एक अरुंद फळी. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून बाबा चाकाच्या खुर्चीत, आणि खुर्ची काही फळीवर मावत नाही. बाबा ओसरीत बसून पलीकडे बघत राहायचे. पैलतीरी माहेर असलेल्या सासुरवाशिणीसारखे.

त्यात दादाचा फोन. ‘रविवारी गाडी घेऊन येतो. बाबा आता माझ्याकडे राहतील. नववा मजला आहे, पण लिफ्ट आहे. खुर्ची घरभर फिरते. तुझ्याकडे काय आहे? फळी!’

‘रविवारपर्यंत पूल होईल!’

‘झाला तर मी मुकाट परत जाईन. नाही झाला तर बाबांची बॅग भरून ठेव.’

बाबांना विचारलं, तर म्हणाले, ‘तुमचं तुम्ही ठरवा.’ बस्स.

साचा म्हणून मी वर्कशॉपमधलं बाबांचंच लोखंडी टेबल निवडलं. काय ते टेबल! त्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तर वाहू कुठे म्हणून तोसुद्धा बुचकळ्यात पडायचा. आता साच्याला आधी मेण लावणं हा आमच्या धंद्यातला श्रीगणेशा! मेण नसेल तर रेझिन साच्याला असं बिलगतं, जसं बाजारात हरवून सापडलेलं पोर आईला. ते काम मी ह्यांना दिलं. हे पोस्टात कारकून. पॉलिशचा अनुभव फक्त बुटांचा.

‘किती चोळू?’

‘तुमचा चेहरा दिसेपर्यंत!’

‘आणि दिसला तर?’

‘दचकू नका. चोळत राहा!’

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते, तर टेबल आरशासारखं लखलखतंय! ‘अहो, काल तर नुसतं धुरकट दिसत होतं!’

‘मुरलं असेल,’ हे विनयाने म्हणाले. मी नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

मग कापड अंथरलं, रोलर फिरवून बुडबुडे पिटाळले, वर फोमच्या फासळ्या बसवल्या, त्यांच्यावर पुन्हा कापड. रेझिनमध्ये हार्डनर घालायचं काम ह्यांचं.

‘जास्त घातलं तर लवकर घट्ट होईल ना?’

हा प्रश्न त्यांनी घातल्यावर विचारला! बादली आधी गरम झाली, मग धुमसू लागली. ‘बाहेर! बाहेर टाका!’ मी किंचाळले. हे बादली घेऊन धावले, दारातच सांडली, आणि त्यांची एक चप्पल तिथे कायमची स्थायिक झाली. तरी दुसऱ्या बादलीत काम उरकलं. पूल असा देखणा झाला, की दृष्ट लागावी!

लागलीच. रविवारी सकाळी पूल टेबलावरून सोडवायला गेलो. कडेला लाकडी पाचर ठोकली. पाचर मोडली. गरम पाणी ओतलं. पूल नुसता न्हाला. शेवटी खाली जॅक लावला. जॅकने पुलाची कड उचलली, आणि पुलाने टेबल उचललं! माझं काम किती पक्कं झालंय, याचा असा पुरावा वैऱ्यालाही मिळू नये. पिसासारखा पूल हलवायला आता क्रेन लागणार होती!

‘तुम्ही मेण लावलंच नव्हतं!’

‘लावलं! हे मनगट बघ, सुजलंय!’

‘मग हे काय प्रेमाने चिकटलंय?’

‘कशानेही चिकटू दे! यापेक्षा आपलं लग्न लवकर सुटेल!’

दारात दादा उभा होता. त्याने नेमकं एवढंच ऐकलं.

‘प्रकरण इथवर आलंय?’

‘दादा, अरे, पुलाबद्दल बोलतोय आम्ही...’

‘पुलाचं लग्न लागतं का? या भांडणात मी बाबांना ठेवू? अजिबात नाही!’ तो फळीवरून तरातरा घराकडे गेला. फळी कुरकुरली.

मी मोडक्या पाचरीचे तुकडे ओच्यात घेऊन तिथेच जमिनीवर बसले. कारखान्यात माझ्या हातची पाती आभाळ घुसळतात, आणि बापाला नाल्यापलीकडे न्यायचं, तर मला एक फळी बदलता येऊ नये! डोळ्यांतून पाणी येईना, नाकातून रेझिनचा वास जाईना. ‘ऊठ,’ हे म्हणाले, ‘निरोप तरी दे त्यांना.’ एका पायात चप्पल घालून ते माझ्यापुढे फळीवरून चालत गेले.

दादाने बॅग गाडीत ठेवली होती. खुर्ची फाटकापर्यंत आली होती.

‘पूल निघाला नाही?’ बाबांनी विचारलं.

‘कसा निघेल?’ दादा म्हणाला. ‘जावईबापूंनी मेण लावलं नाही आणि आता बायकोशी खोटं बोलतायत.’

हे मान खाली घालून उभे. बाबांनी खुर्चीचं चाक हाताने धरलं. खुर्ची थांबली.

‘त्याला बोलू नकोस. मेण त्याने लावलं होतं. मी पुसलं.’

‘तुम्ही?’

‘माझं टेबल बरबटलेलं दिसलं. थिनर घेतलं आणि लख्ख केलं. मला काय ठाऊक तुमच्या धंद्यात घाण ठेवतात ते!’

‘पण बाबा,’ दादाचा आवाजच खाली आला, ‘तुम्ही तिथे गेलात कसे?’

बाबांनी नाल्याकडे बोट केलं. मग म्हणाले, ‘फळीवर बसून. सरकत.’

‘एकदाच ना?’ मी कसंबसं विचारलं.

‘रोज. तू कामाला गेलीस की.’

खाली नाला, वर ऊन, आणि मधे माझा बाप, इंच इंच. आणि संध्याकाळी मी पुलाच्या बढाया मारायची, तेव्हा हाच माणूस ‘वा वा’ म्हणायचा!

‘मग सांगितलं का नाही मला?’

‘तू हौसेने करत होतीस. नको कसं म्हणू?’

‘पडला असतात म्हणजे!’ दादा ओरडला. ‘आता तर आजच निघायचं. बसा गाडीत!’

बाबांनी चाक सोडलं नाही.

‘मला नाही यायचं रे. तुझ्याकडे फरशी चांगली गुळगुळीत आहे, सरकायला सोपं जाईल. पण नवव्या मजल्यावर मी सरकत जाऊ कुठे?’