इथे माणसं राहतात

लिफ्टवाल्याची बायको सकाळी गेली आणि बँडला ते दुपारी कळलं. त्याने बँडच्या ग्रुपवर दोनच शब्द लिहिले, "ती गेली." बेस गिटार वाजवणाऱ्या विमा एजंटने कुठल्याही मजकुराला पाठवतो तसा अंगठा पाठवला. मग नीट वाचून, घाबरून तो पुसला. त्यामुळे तिच्या मृत्यूच्या बातमीखाली 'हा संदेश काढून टाकण्यात आला आहे' एवढीच नोंद कायमची राहिली. गाणं म्हणणारा आणि गिटार वाजवणारा दातांचा डॉक्टर त्या दोघांत समजूतदार. त्याने विचारलं, "म्हणजे गुरुवारी तुझ्याकडे नको ना?"

लिफ्टवाला दिवसा लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गुरुवारी संध्याकाळी ड्रम बडवायचा. प्रॅक्टिस त्याच्याच मागच्या खोलीत व्हायची, कारण डॉक्टरच्या बायकोला आवाज सहन होत नव्हता. लिफ्टवाल्याच्या बायकोलाही होत नव्हता, पण ती हाकलून देण्याऐवजी सांगून पाहायची. दुसरं गाणं रंगात आलं की ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी यायची, कोपराने दार ढकलायची आणि म्हणायची, "अहो, आवाज कमी करा. इथे माणसं राहतात." तिघेही आज्ञाधारकपणे माना डोलवायचे. दार लागलं की आवाज होता तितकाच व्हायचा, वर थोडा जास्त.

अल्बमचं काम कित्येक वर्षं चाललं होतं. प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात कुठेतरी ती असायची. डॉक्टर म्हणायचा, गाणं उत्तम जमलं होतं, वहिनींनी घात केला. मग सगळं पहिल्यापासून. कंपनीला पाठवायची वेळ आली तेव्हा घात न झालेली गाणी शोधावी लागली, ती चारच निघाली.

ती गेल्यावर काही दिवसांनी लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं की तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. फोनवर आवाजाचे निरोप पाठवणं तिला पटायचं नाही. बोलायचं तर समोर येऊन बोला, असं तिचं मत. व्हिडिओ सुरू झाला की ती उठून आत जायची. तेव्हा बँडचा घात करणारी ती सगळी बाद रेकॉर्डिंगं एवढाच काय तो तिचा आवाज उरला होता. तो संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसायचा, गाणं पुढे पळवायचा आणि नेमक्या जागी थांबायचा. मुलगी कामावरून आली की एक हेडफोन ती घ्यायची.

अशात संगीत कंपनीच्या मॅडमचा फोन आला. याच कंपनीने पूर्वी ती चार गाणी परत पाठवली होती. शेरा होता, 'संगीत ठीक. तिघेही मध्यमवयीन, निर्व्यसनी, पत्नी हयात. कथा नाही.'

"तुमचं कळलं. फार वाईट झालं," मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन म्हणत नाही मी, पण तुमची फाइल वर आली आहे."

कंपनीचं धोरण साधं होतं. गाणी कुणीही करतं, लोक ऐकतात ती कथा. आता एका सदस्याकडे कथा आलेली असल्यामुळे बँड पात्र ठरत होता. बाकी दोघांची 'पूरक दुःख असल्यास' अशी चौकशी झाली. विमा एजंटने गुडघेदुखी सांगितली, ती ग्राह्य धरली गेली नाही. डॉक्टर दोन दिवस घरात धडधाकट बायकोकडे बघत होता. तिने काय झालं विचारलं तर त्याला सांगताही येईना.

लिफ्टवाल्याने एकच अट घातली. बाद रेकॉर्डिंगं घ्यायची आणि तिचा आवाज आहे तसा ठेवायचा. पैसे नाही दिलेत तरी चालेल. मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "तोच तर अल्बम आहे." नावही तिथल्या तिथे ठरलं, 'इथे माणसं राहतात'.

गाणी गुणवत्ता विभागाकडे गेली. तिथल्या यंत्राने गाण्यातला गोंगाट आपोआप शोधून पुसायचा असतो. त्याने ड्रम ठेवले, डॉक्टरचं बेसूर ठेवलं आणि बायकोला पुसलं. लिफ्टवाला धावत गेला. तिथल्या साउंडवाल्याने समजावलं की यात यंत्राची चूक नाही. जो आवाज गाण्याच्या विरोधात जातो, तो गोंगाट. लिफ्टवाल्याने मूळ प्रती दाखवल्या आणि तिला परत आत घालून घेतलं.

मग कायदा विभाग उठला. गाण्यात आवाज वापरायचा तर त्या व्यक्तीची संमती हवी, आणि ती त्या व्यक्तीने स्वतः येऊन द्यायला हवी. ती वारली आहे, असं लिफ्टवाल्याने सांगितलं. वकील म्हणाले, त्याबद्दल विभागाला सहानुभूती आहे, म्हणूनच तारीख पुढची दिली आहे. पुढच्या तारखेलाही ती आली नाही तेव्हा त्यांनी शेरा मारला की संबंधित गायिका सहकार्य करत नाही.

मार्ग मॅडमनीच काढला. तेच वाक्य एका कसलेल्या अभिनेत्रीकडून म्हणवून घ्यायचं. लिफ्टवाल्याने नाही म्हटलं. मॅडमनी त्याने सही केलेला करार पुढे केला. त्यात 'पत्नीचा आवाज आहे तसा' या शब्दांशेजारी बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' होतं. डॉक्टर आणि विमा एजंट तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होते.

निवड करायला लिफ्टवाल्यालाही बसवलं. एकामागून एक बायका आल्या आणि काचेपलीकडे उभ्या राहून त्याला आवाज कमी करायला सांगून गेल्या. शेवटी जिची निवड झाली ती 'अहो' म्हणतानाच रडत होती आणि 'राहतात'ला तिचा श्वास तुटत होता. साउंडवाल्याने डोळे पुसले.

"ती रडत नव्हती," लिफ्टवाला म्हणाला. "वैतागलेली असायची. भांडी अर्धी टाकून आलेली असायची."

"वैतागलेली बायको लोकांना घरी मिळते," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी अल्बम कोण विकत घेईल?"

अल्बम आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. एका समीक्षकाने लिहिलं की 'इथे माणसं राहतात' हा आधुनिक माणसाच्या तुटलेपणाचा हंबरडा आहे. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं की 'इथे' हा शब्द देहासाठी आहे आणि 'माणसं' म्हणजे आठवणी. दोघांत बरेच दिवस वाद रंगला. भांड्यांचा विषय कुणीच काढला नाही. कार्यक्रमांना मैदानं कमी पडू लागली. ती जागा आली की डॉक्टर माइक लोकांपुढे धरायचा आणि हजारो लोक एका सुरात ओरडायचे, अहो, आवाज कमी करा. मग दुप्पट आवाजात पुढचं कडवं सुरू व्हायचं. कानात बोळे घातलेले पोलीससुद्धा डोलायचे.

वर्षाचा पुरस्कार त्या अभिनेत्रीला मिळाला. मंचावर ती लिफ्टवाल्याच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "सर, मी तुम्हाला कधी सोडून जाणार नाही." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो खाली जागेवर आला तेव्हा शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, घरी जाऊ या."

घरी आल्यावर मुलीनेच सुचवलं की आपण आईचा खरा आवाज लोकांना ऐकवू. त्यांनी तो सगळ्यांना ऐकता येईल असा टाकला, खाली लिहिलं, 'ही माझी बायको.' सकाळपर्यंत लोक खवळले. ही कोण बाई, हिच्या आवाजात दुःख नाही, हिला प्रेमाचं काही कळत नाही. एकाने लिहिलं, 'स्वतःच्या बायकोची अशी चेष्टा करताना लाज वाटायला हवी.' चाहत्यांच्या संघटनेने तक्रार केली. कंपनीने तपासणी करून कळवलं की सदर आवाज मूळ अल्बममधल्या आवाजाची निकृष्ट नक्कल आहे, आणि तो काढून टाकला. खाली एक ओळ राहिली, 'हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.' ही ओळ तिच्या बाबतीत त्याने दुसऱ्यांदा वाचली.

लिफ्टवाल्याने बँड सोडला. बँडने निवेदन काढून त्याच्या या दुःखाचाही आदर केला आणि दुसरा अल्बम जाहीर केला.

आता त्याला एवढंच हवं होतं की संध्याकाळी तासभर मुलीबरोबर बसावं आणि बायकोचं बोलणं ऐकावं. पण इमारतीत वर, खाली, समोर सगळीकडे अल्बम लागलेला. वरच्या मजल्यावरचे शेजारी पूर्वी ड्रमच्या आवाजाबद्दल महिन्यातून एकदा भांडायला यायचे. आता त्यांनीच भिंतीला मोठे स्पीकर लावले होते. हेडफोन कितीही दाबून धरले तरी त्या अभिनेत्रीचं रडणं छतातून खाली यायचं आणि त्याच्या बायकोच्या बोलण्यावर बसायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचं 'अहो'च ऐकू येत नाहीये."

तो उठला, जिना चढून वर गेला आणि दार ठोकलं. शेजाऱ्याने दार उघडलं. मागे त्याची बायको, सासू, मुलं, सगळी जमलेली. लिफ्टवाला वैतागलेला होता. जेवण अर्धं टाकून आला होता.

"अहो, आवाज कमी करा," तो म्हणाला. "इथे माणसं राहतात."

शेजाऱ्याचे डोळे भरून आले. त्याने लिफ्टवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारीण म्हणाली, "काका, एकदा परत म्हणा ना, माझं रेकॉर्डिंग सुरू नव्हतं." त्याने परत म्हटलं. मागून सगळ्या घराने सूर लावला, आणि कुणीतरी आत जाऊन स्पीकर मोठा केला.

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पाहिला नसेल तर वाक्य तरी पाठ असेलच, ते आता सगळ्यांना पाठ आहे. लिफ्टवाला खाली आला, मुलीच्या शेजारी बसला आणि त्याने पुन्हा हेडफोन लावला.

आवाज कमी करायचं काम अजून राहिलं आहे.