ब्रायनीच्या पन्नासाव्या सामन्याचं बॅनर

ग्लेनिसला कोणाचाही मत्सर वाटत नसे. हे ती स्वतःच सांगायची, आणि दिवसातून तीनदा तरी सांगायची. "लेक दुसरीच्या घरी राहते, दुसरीच्या हातचं जेवते, माझं काही म्हणणं नाही," असं म्हणताना ती शिवणयंत्र असं काही हाणायची की शेजारच्या कोळ्याला वाटावं, कोणाची तरी बोट सुटली.

टास्मानिया बेटाच्या टोकाला, स्टॅनली गावात, ती होड्यांची शिडं शिवत असे. तिचा टाका वादळातही उसवत नाही, अशी सगळ्या किनाऱ्यावर ख्याती होती. तिच्या ब्रायनीला अठराव्या वर्षी मेलबर्नच्या एका क्लबने ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला उचललं. लांबच्या गावच्या पोरींची सोय क्लब कोणाच्या तरी घरी लावतो. ब्रायनीची लागली नोलीनकडे. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेली पोर सहा वर्षं झाली तरी तिथेच होती.

फोनवरचं तिचं प्रत्येक वाक्य 'नोलीन म्हणते' इथून सुरू व्हायचं. गुडघा मोडून तिचा अख्खा हंगाम बुडाला, तेव्हा ग्लेनिस बॅग भरून दारात उभी होती. "आई, तू कशाला त्रास घेतेस? नोलीनने रजा काढलीय," ब्रायनी म्हणाली. ग्लेनिसने बॅग रिकामी केली. मत्सराचं एक असतं, उपास घडवला तरी तो अंगानं भरतच जातो.

आणि आता ब्रायनीचा पन्नासावा सामना आला होता. त्या दिवशी मान तिचा. तिच्या नावाचं भलंमोठं कागदी बॅनर दोन काठ्यांवर उभं करायचं, सगळ्यांच्या पुढे धावत येऊन तिने ते छातीने फाडायचं, आणि मागोमाग संघाने मैदानात उतरायचं. बॅनर क्लबची हौशी माणसं करतात. त्यांची म्होरकी कोण, तर नोलीन.

ग्लेनिस आदल्या दिवशी बोटीने आली ती थेट क्लबच्या हॉलमध्ये.

"या, ग्लेनिसबाई," नोलीन पुढे येत म्हणाली. "बोट लागली नाही ना? आमच्या ब्रायनीला फार लागते."

"ठाऊक आहे. पहिल्यांदा लागली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तुम्ही नव्हतात."

"नव्हते ना. गेल्या महिन्यात लागली तेव्हा मात्र होते."

ग्लेनिसने खाली पाहिलं. फरशीवर ट्रकएवढं बॅनर पसरलं होतं. नोलीनने स्वतः जुळवलेल्या ओळी त्यावर चिकटवल्या होत्या: 'पन्नास सामने, हार नाही मनी, आमच्या घरची वाघीण ब्रायनी.'

"आमच्या घरची म्हणजे?"

"म्हणजे क्लबची हो," नोलीन म्हणाली, पण तिचे कान लाल झाले. मग घाईने तिने विषय बदलला. "उद्या वारा आहे म्हणतात. गेल्या वर्षी एकीचं बॅनर वाऱ्यानेच फाडलं. बिचारी दोन मोकळ्या काठ्यांमधून धावत गेली."

"वाऱ्याचं माझ्यावर सोडा," ग्लेनिस म्हणाली. "आयुष्यभर वाराच तर शिवत आले. तुम्ही सगळे चहाला जा."

कडा शिवून झाल्या. तेवढ्यावर उठली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण डोळ्यांसमोर 'आमच्या घरची' ठसठसत होतं. तिने पिशवीतून शिडाचं निळं कापड काढलं, 'स्टॅनलीची' अशी वीतभर जाडीची अक्षरं कापली आणि बरोबर त्याच जागेवर बसवली. कागद अक्षरांचं ओझं पेलेना, म्हणून मागे जाळं लावलं. जाळं लोंबायला लागलं, म्हणून त्यातून दोर ओवून दोन्ही काठ्यांना बांधला. मजबूत केला तो फक्त मधला भाग. धावणारी माणसं मधूनच धावतात हे तिच्या ध्यानात आलं नाही. मत्सराला पुढचं दिसत नाही, शेजारचं तेवढं दिसतं.

दुसऱ्या दिवशी बॅनर उभं राहिलं आणि नोलीनने वर पाहिलं.

"हे काय?"

"पत्ता," ग्लेनिस म्हणाली. "लेकीचा."

वारा सुटलाच होता. समोरच्या संघाचं बॅनर दोन मिनिटांत चिंध्या होऊन उडालं. आपलं किल्ल्याच्या भिंतीसारखं उभं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ग्लेनिसची मान शिडाच्या डोलकाठीइतकी ताठ झाली.

मग ब्रायनी आली. हसत, हात पसरून, सुसाट. ती 'स्टॅनलीची'च्या मधोमध आदळली. बॅनर फुगलं, पार मागे गेलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि त्याने ब्रायनीला आली तशी परत धाडली. मागून येणाऱ्या वीस जणींना थांबता येईना. टेम्पोतून बटाट्याची पोती उलटावीत तसा सगळा संघ तिच्यावर ओतला गेला.

ढिगाच्या तळातून तिला काढलं तेव्हा नाकातून रक्त येत होतं. दोघी आया धावल्या. क्लबची डॉक्टरीण गुडघ्यावर बसली.

"डोक्याला मार असेल तर आज खेळता येणार नाही. नियम आहे. मी विचारते, तू सांग. कुठे आहेस?"

"मैदानावर. आडवी."

"सामना कोणाशी आहे?"

"अजून तरी बॅनरशीच."

डॉक्टरीण हसली नाही. ग्लेनिसच्या मनात आलं, पोरीचा मानाचा दिवस आपल्याच हातांनी शिवून बंद केला की काय?

"या दोघींपैकी तुझी आई कोण?"

नोलीनचा हुंदका थांबला. ब्रायनीने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं.

"माझं नाक पुसत रडतेय ती नोलीन," ती म्हणाली. "आणि मी इथे मरायला टेकलेय तरी जिचा हात टाके तपासतोय, ती माझी आई."

ग्लेनिसने बॅनरवरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

"डोकं शाबूत आहे," डॉक्टरीण म्हणाली. "खेळू दे."

ब्रायनी नाकात बोळा घालून बॅनरला वळसा घालून मैदानात गेली. पंच ओरडत होता, ते कापड हलवा. फाडता येईना, तेव्हा दोघींनी दोन टोकं धरून चादरीसारखी घडी घालायला घेतली. घडी घालता घालता दोघी समोरासमोर आल्या.

"सहा वर्षं झाली," नोलीन खालच्या आवाजात म्हणाली. "वाटलं होतं, एकदा तरी चुकून मला आई म्हणेल ती. आज तर डोकंही आपटलं होतं."

ही बाई ग्लेनिसइतकीच जळत होती, आणि तीही सहा वर्षं. इतकं जवळचं माणूस तिला मेलबर्नमध्ये दुसरं भेटलं नव्हतं.

"शंभराव्याला दोन्ही घरांची नावं घालू," ग्लेनिस म्हणाली.

"घालू. पण ग्लेनिस, तू सुईला हात लावायचा नाहीस. मी डिंकाने चिकटवेन."

ग्लेनिसने मान डोलावली. पुढची घडी घातली, मग हळूच म्हणाली, "कडा तरी?"