दुखण्याला लावलेली शिस्त

"वेदना ही लाडावलेल्या माणसांना होते," घोट्याची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या आईसाहेबांनी उशीला टेकून जाहीर केले. "माझ्याकडे बघा! हाडात स्क्रू बसवलेत, पण ठणक म्हणून नाही!"

असेल कशी? कमरेच्या पिशवीतल्या औषधाच्या फुग्यातून निघालेली बारीक नळी गुडघ्यामागे शिरली होती आणि पायाची नस बधिर ठेवत होती. भुलीच्या डॉक्टरांनी हे नीट समजावले होते. परंतु त्या वेळी आईसाहेब डॉक्टरांना ताठ कसे उभे राहावे ते समजावत होत्या.

एकच खटकत होते. पायाचा अंगठा ऐकत नव्हता. "हल!" त्यांनी फर्मावले. अंगठा ढिम्म! या घरात असे धाडस आजवर कोणाचे झाले नव्हते.

"आई, पाय बधिर आहे तोवरच ही गोळी घ्या. नंतर जड जाईल," सूनबाई म्हणाली.

"तुझ्या सासऱ्यांना दे. एक दाढ काय दुखते, घर डोक्यावर घेतलंय! आणि मी मागितली तरी मला देऊ नकोस. बजावून ठेवते!"

सूनबाई गेली. आईसाहेबांनी पिशवीत डोकावून पाहिले, तो फुगा सकाळपेक्षा लहान! म्हणजे गळती! दिसेल तो नळ आवळणारा तो हात. नळीवरचा चिमटा कट्‌कन बंद करून त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

जाग आली ती घोट्यात लोहाराने दुकान थाटल्यासारखी!

आईसाहेब चक्रावल्या. उशी सरकली? पलंग कलला? "अहो, पेपरची पानं हळू उलटा! माझा पाय हादरतोय!"

"पेपर केव्हाच खाली ठेवलाय," खुर्चीतून त्यांचे यजमान, नाना, गाल धरून म्हणाले.

"सूनबाई! ती गोळी... ठेवून खराब तर होणार नाही ना?"

"परीक्षा घेताय होय, आई? मी नाही फसायची! तुमचा शब्द म्हणजे शब्द!"

मागावी तर मान जातो, न मागावी तर प्राण! अखेर मान हरला. "दे गं बाई, दे! पाया पडले असते, पण वाकता येत नाही!"

सूनबाईने धावत गोळी दिली, पांघरूण सारले आणि किंचाळली, "अगबाई! हा चिमटा कोणी बंद केला?" डॉक्टरांना फोन लावून, विचारून, तिने नळी मोकळी केली. मग तिने आईसाहेबांकडे पाहिले. आईसाहेबांनी नानांकडे पाहिले.

"मीच असेन," नाना जन्माच्या सवयीने म्हणाले.

"असू दे. चुका माणसाच्याच हातून होतात," आईसाहेबांनी मोठ्या मनाने क्षमा केली.

नाना सुनेच्या कानाशी वाकले. "पण मी बंद काय केलं?"