काळी डबी, करडी डबी

हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, हे मला बेचाळीस वर्षं माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काहीही अडलं नव्हतं. पण कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी धम्मरत्न बसतो. रावेत ते चाकण, ट्रॅफिक धरून दीड तास. एके दिवशी त्याने थेट मोबाइलला लावलेल्या माझ्या हेडफोनकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "शेखरभाऊ, तुमच्यासारख्या कानाच्या माणसाने हे असं ऐकावं?"

झालं! (माझ्या कानाची कुणी स्तुती केली की मी त्याला सातबारासुद्धा लिहून देईन.) मी चाकणला क्वालिटीत आहे. गिअरबॉक्स फिरवायचा, कान लावायचा आणि आवाजावरून निकाल द्यायचा. पास झाला तर हिरवा टॅग, नापास झाला तर लाल. सोळा वर्षांत माझा टॅग कुणी बदललेला नाही.

कोणता अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा ते ठरेना, म्हणून दोन मागवले. एक काळी डबी, एक करडी, दोन्ही काडेपेटीहून जरा मोठ्या. एक ठेवायची, दुसरी न्यायला रविवारी संध्याकाळी रिटर्नवाला येणार. पण काळी ऐकली की करडी बरी वाटायची आणि करडी ऐकली की काळी. सहा दिवस मी घरात कुणाला ओ दिली नाही.

आमच्या मातोश्रींनी, म्हणजे अंबुबाईंनी, काळी डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"आरं, ही तर माझ्या कानाच्या यंत्रावानी हाय की!"

आईचं यंत्र जुन्या पद्धतीचं. डबी खिशात, वायर कानात, आजूबाजूचं बोलणं मोठं करून देणारं. (आमच्या घरातलं बोलणं आणखी मोठं कशाला करायचं, देव जाणे.)

"आई, हे हाय-फाय आहे."

"व्हय का? मग माझंबी हाय-फायच म्हणायचं."

रविवारी सकाळी स्नेहल, म्हणजे आमची बायको, कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली. "अहो, डोळे बांधून ओळखलंत तर एक ठेवा. नाही ओळखलंत तर दोन्ही परत, आणि घरात हेडफोन कायमचे बंद. सहा दिवस मी भिंतीशी बोलतेय."

सोळा वर्षांची अब्रू होती! मी कंपनीतला तपासणी तक्ता काढला, लाल-हिरवे टॅग मांडले आणि डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला. पिना लावायचं काम स्नेहलकडे दिलं.

पहिली फेरी. गाणं लागलं.

"करडी," मी सांगून टाकलं. "कोरडा आवाज. कडेला खरखर."

"लिहिलं," स्नेहल म्हणाली.

दुसरी फेरी. अहाहा!

"ही काळी! शंकाच नको. अगं, काय खोली आहे! गायकाच्या मागे कुणीतरी ताटं लावतंय, तेसुद्धा ऐकू येतंय. आणि आत्ता श्रोत्यांत एक म्हातारी खोकली बघ. डावीकडे, तिसऱ्या रांगेत!"

"नक्की ना?"

"अगं, कुकरची शिट्टीसुद्धा आली! हॉलशेजारी घर असणार कुणाचंतरी. हिरवा टॅग लाव, सही करतो."

तसाच चाचपडत मी सही ठोकली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली म्हातारी पुन्हा खोकली आणि म्हणाली, "शेखर, झालं आसंल तर माझं यंत्र दे बाबा. शिट्ट्या मोजायच्या हायेत."

मी टॉवेल ओढला. हेडफोनची पिन आईच्या यंत्रात होती. मोबाइल टेबलावर उघडाच गात होता. यंत्रावर माझ्या सहीचा हिरवा टॅग लटकत होता आणि स्नेहल सोफ्यावर ओढणी तोंडात कोंबून गदगदत होती.

"आणि पहिल्या फेरीत?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"काळी!"

आईला माझी दया आली. "ठिव तूच ते यंत्र. मला एरवीबी समदं ऐकू येतं. नगं आसंल तवा बंद करायला बरं पडतं, एवढंच."

संध्याकाळी दोन्ही डब्या गेल्या. मला खरंच लाज वाटली. रात्री जेवताना स्नेहलचं सहा दिवसांचं साचलेलं सगळं मी उघड्या कानांनी ऐकून घेतलं.

सोमवारी तिने डबा भरून सॅक स्वतः माझ्या पाठीवर चढवली, तीही हसतमुखाने. (तेव्हाच शंका यायला हवी होती.) बसमध्ये चढलो तर सगळे गालात हसू लागले. धम्मरत्न तर खिडकीबाहेर बघत नुसते खांदे हलवत होता. मला वाटलं, डब्यांची बातमी फुटली.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच्या कस्तुराबाईंनी अडवलं. माझ्या सॅकला मागे लटकणारा लाल टॅग त्यांनी हातात धरला आणि स्नेहलचं अक्षर मोठ्याने वाचलं, "आवाज तपासणीत नापास. दुरुस्ती शक्य नाही."

मग वही उघडून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "शेखरसाहेब, रिजेक्ट माल आत न्यायचा तर गेटपास लागतो."