रेघेखालचे पेशंट

बायकोला जरा मदत करावी, एवढाच माझा विचार होता. (माझी बहुतेक संकटं याच विचाराने सुरू झाली आहेत.) ती दातांची डॉक्टर. मी एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. माझी खालची दाढ दोन वर्षं ठणकते आहे, हे मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, कारण मला तिच्या त्या खुर्चीची भयंकर भीती वाटते.

तिच्या दवाखान्यात काउंटरवरच्या ताई रोज वही बघून पेशंटना फोन करायच्या. वहीतल्या नोंदी त्या कॉम्प्युटरवरही चढवायच्या. म्हटलं, मी प्रोग्रॅम लिहून देतो. रोज सकाळी आठला तो फक्त नव्या नोंदी उचलेल. दात काढून झालेल्यांना सूचना पाठवेल, काढायचा असलेल्यांना वेळ कळवेल.

"नक्की जमेल ना?" बायको म्हणाली. "माणसं विश्वासाने तोंड उघडतात माझ्यासमोर."

"माझ्या डाव्या हातचा मळ आहे," मी म्हणालो.

पहिल्याच सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, 'काल आपला दात काढला आहे, गरम खाऊ नका,' असा मेसेज आलाय. मी तर काल घरीच होते."

प्रोग्रॅमने दवाखाना उघडल्यापासूनच्या सगळ्या नोंदी उचलल्या होत्या. एकूण अठराशे त्रेचाळीस मेसेज गेले होते. दुपारी एक आजोबा कवळी डबीत घेऊन आले.

"सगळे मोजले. पूर्ण भरतात," ते म्हणाले. "मग काल काढला तो कोणाचा?"

"कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलं असणार," असं मी बायकोला ठोकून दिलं आणि घड्याळ लावलं. दुसऱ्या सकाळी अठराशे एक्कावन्न मेसेज गेले.

एक बाई "दोन दिवसांत दोन दात? भूल देऊन काय चालतं इथे?" असं विचारत फाइल मागायला आल्या. तिघांनी वेळा रद्द केल्या. बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "उद्या एक जरी चुकीचा मेसेज गेला, तर हे काम बाहेरच्या माणसाला देईन. नाहीतर दवाखान्याची पाटी उतरवायला लागेल." 'आता थोडंसं टोचेल' हे ती याच आवाजात सांगते.

"आणि गाल का धरलायस?"

"काळजीने."

ती आत निघून गेली.

मी घाम पुसत बसलो होतो, तेवढ्यात ताई वही घेऊन आल्या. "दादा, मी रोज काम संपलं की इथे रेघ मारते. दुसऱ्या दिवशी रेघेखालचे तेवढेच बघते. तुमची रेघ कुठे असते?"

"असते की," म्हणत मी प्रोग्रॅम उघडला. रेघ होती. शेवटच्या नोंदीची तारीख मी रोज इमानदारीने लिहीत होतो, पण ज्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यात, लिहीत होतो ते एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या तुकड्याच्या, आतलं. फंक्शन संपलं की ते तारखेसकट नाहीसं व्हायचं. बाहेर त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल होतं, आणि ते दवाखान्याच्या उद्घाटनाची तारीख धरून बसलं होतं.

"म्हणजे तुम्ही रेघ चिटोऱ्यावर मारता आणि चिटोरा फेकून देता," ताई म्हणाल्या. (अकरा वर्षांच्या नोकरीत माझं काम इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.)

मी तारीख बाहेर आणली, फाइलमध्ये जपून ठेवली, आणि सतरा वेळा तपासली.

तिसऱ्या सकाळी आम्ही तिघं श्वास रोखून स्क्रीनसमोर उभे होतो. आठ वाजले. एकच मेसेज गेला, आणि फोन माझ्याच खिशात वाजला.

'आज दहा वाजता आपली दाढ काढायची आहे. नाश्ता करून यावे.'

"काहीतरी चुकलंय," मी कसाबसा म्हणालो.

"म्हणजे प्रोग्रॅम अजून बिघडलेलाच आहे?" बायकोने हळू आवाजात विचारलं. "बोलवू बाहेरच्या माणसाला?"

ताईंनी वही पुढे केली. रेघेखाली एकच नाव होतं, माझं, बायकोच्या अक्षरात.

"प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हणालो, आणि नाश्ता करायला गेलो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा मेसेज आला. 'काल आपली दाढ काढली आहे, गरम खाऊ नका.' अगदी वेळेवर, योग्य माणसाला, आणि एकदाच.