चौदा नंबरची रेकॉर्ड राखून ठेवली आहे

एखादी वस्तू चांगली की वाईट, हे त्या वस्तूवर कधीच अवलंबून नसतं. ते तिच्यासोबत आलेल्या कागदावर अवलंबून असतं. बैल चांगला ठरतो तो दोन जाणत्यांनी दात बघून मान हलवल्यावर, मास्तर चांगला ठरतो तो अर्जाला वजनदार सही लागल्यावर, आणि नवरामुलगा चांगला ठरतो तो मुलीच्या मामानं 'घर बघून आलोय' म्हटल्यावर (मामा घर बघायला गेला होता की नाही, हे कुणी विचारत नाही). हे तत्त्व जगात सगळ्यांनाच थोडंफार ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातल्या बोरजाईवाडीला मात्र ते पुरतं उमगलं होतं, आणि म्हणूनच १९७४ साली त्या गावानं अमेरिकेच्या गाण्यांसाठी शिफारस समिती नेमली.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी जॉनसाहेब नावाचा एक अमेरिकन तरुण गावाला मका शिकवायला आला होता. अकरा महिने राहिला. गाव मक्यात फारसं शिकलं नाही, पण जॉनसाहेब पिठलं-भाकरी शिकून परत गेला. गावाची एक गोष्ट त्याच्या मनात भरली होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीचा सामुदायिक रेडिओ. चावडीत एक रेडिओ, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, आणि त्यांना जोडलेले दोन कर्णे: एक तालमीच्या छपरावर, एक पाराजवळच्या लिंबावर. बाजारभाव, हवामान आणि शेतीच्या गप्पा यातून सगळ्या गावाच्या कानी जात. मधल्या रिकाम्या वेळेला रेकॉर्डी लागत. जॉनसाहेबानं घरी गेल्यावर आठवणीनं खोकं धाडलं. आत बावीस रेकॉर्डी, सगळ्या नव्याकोऱ्या. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की अर्धी गाणी आमच्या खेड्यापाड्यांतली आहेत, अर्धी विजेच्या गिटारवरची, म्हणजे रॉक. तुमच्या रेडिओवर सगळ्यांना ऐकवा.

हे खोकं उघडलं इलाही तांबोळ्यानं. इलाही हा गावचा स्टोव्ह, बॅटऱ्या आणि सायकली दुरुस्त करणारा माणूस. चावडीतलं यंत्र तोच चालवायचा. कागदोपत्री त्याचा हुद्दा 'मानद ध्वनिक्षेपण सेवक' असा होता. मानद म्हणजे फुकट, आणि सेवक म्हणजे रोज.

इलाहीनं पहिली रेकॉर्ड हातात घेतली, तेवढ्यात सुभेदार लालासाहेब आत आले. लालासाहेब पलटणीतून निवृत्त झालेले. गावात त्यांच्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि त्यांना किती येतं हेही त्यामुळेच कुणाला कळत नव्हतं.

"थांब, गड्या," ते म्हणाले. "शिफारस हाय का हिची?"

"आवं सुबेदारसाब, रेकॉर्ड हाय ती. लावतो, म्हंजी कळंल."

"असं कसं? उद्या काय भलतंच निघालं तर? पोरीबाळी ऐकत्यात. आधी समिती."

आठ दिवसांत समिती झाली. अध्यक्ष लालासाहेब. वरच्या आळीतर्फे दादासो, खालच्या आळीतर्फे आप्पासो. इलाही 'निमंत्रित (तांत्रिक)'. त्याला मत नव्हतं, पण उंबऱ्यावर बसायची परवानगी होती. समितीनं पहिल्याच बैठकीत नियम केला की शिफारस झाल्याशिवाय कोणतीही ध्वनिमुद्रिका पंचायतीच्या यंत्रावर लावू नये. गावात दुसरं यंत्र नव्हतं.

"मग ऐकल्याबिगर शिफारस कशी करायची?" इलाहीनं उंबऱ्यावरून विचारलं.

लालासाहेबांनी त्याच्याकडे जराशा कीवेनं पाहिलं. "ऐकून सांगायचं असतं तर समिती कशाला लागली असती रं? कान काय कुणालाबी हायत."

या उत्तरात काही चूक काढता येत नाही. आम्ही बराच प्रयत्न करून पाहिला.

तेव्हा शिफारस पाकिटावरून करायची ठरली. पाकिटावर चित्र असतं, आणि चित्र बघायला कुणाची हरकत नसते. समितीच्या वहीतल्या काही नोंदी इथे मुद्दाम देत आहोत, म्हणजे तिनं किती बारकाईनं काम केलं ते लक्षात येईल:

क्र. १. टोपीवाला गृहस्थ, शेजारी घोडा. घोडा सुलक्षणी. शिफारस.

क्र. ३. चार तरुण. एकाचेही केस कापलेले नाहीत. सैनिकांच्या गावात वाईट उदाहरण. (आप्पासोंच्या आग्रहास्तव शिफारस.)

क्र. ६. नवरा, बायको व सात मुले. कुटुंबनियोजनाच्या धोरणाशी विसंगत. फेटाळली.

क्र. ९. ट्रक व रस्ता. रस्ता उत्तम. बांधकाम खात्याच्या निदर्शनास आणावा.

क्र. ११. मक्याचे शेत. कणीस भरीव. बियाण्याची चौकशी व्हावी. शिफारस.

क्र. १४. एक ओसरी व रिकामी खुर्ची. माणूस नाही. खुर्ची कुणाची, याचा खुलासा नाही. पंचायतीची निवडणूक तोंडावर असल्याने वेगळा अर्थ निघू शकतो. राखून ठेवली.

या चौदा नंबरपाशी इलाहीचा जीव अडकला होता.

त्याचं कारण सांगायला हवं. इलाहीनं नियम मोडला नव्हता. पण कर्णे आणि अँप्लिफायर बंद ठेवून नुसती रेकॉर्ड फिरवली, तर सुईपाशी कान नेल्यावर बारीकसा आवाज येतो, हे त्याला धंद्यातून माहीत होतं. नियमात 'लावू नये' असं होतं. 'कान लावू नये' असं कुठं नव्हतं. त्यानं दुपारच्या वेळी चावडी झाडायच्या निमित्तानं बावीसच्या बावीस रेकॉर्डी अशा ऐकल्या. घोडेवाल्या गृहस्थाला सर्दी झाल्यासारखी वाटली. केसवाले चौघे मात्र भारी निघाले. त्यांच्या पायी इलाहीनं दोनदा झाडू खाली ठेवला. आणि चौदा नंबरवर एक बाई होती. एकटी, हातात साधी गिटार, आवाज अगदी घरातल्यासारखा. एक शब्द कळला नाही. पण गाण्यात एके ठिकाणी ती थांबायची, श्वास घ्यायची आणि मग पुढं गायची, आणि तेवढ्या थांबण्यात इलाहीच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यानं घरी जाऊन बायकोला, जरिनाला सांगितलं.

"कशावरचं गाणं हाय?" जरिनानं विचारलं.

"काय की. पर कुणीतरी गेलंय, आन ती वाट बगतीया, असं वाटतंया."

"मग लावा की कर्ण्यावर. मलाबी ऐकू दे."

ते गाणं एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावानं ऐकावं, अशी इलाहीला इच्छा झाली. माणसाला काही आवडलं की ते दुसऱ्याला आवडावं असं वाटतं. हा एक जुना आजार आहे, आणि त्यावर समितीखेरीज औषध नाही.

समिती वर्षभर झटली. बैठका सतरा. चर्चा एकसष्ट तास. श्रवण शून्य तास. मुख्य अडचण पडली ती वाटणीची. विजेवरची गाणी खालच्या आळीला द्यावीत, कारण गावात वीज आधी तिकडं आली, असं आप्पासोंचं म्हणणं; त्याला तोड नव्हती. मग खेड्यापाड्यांची गाणी आपोआप वरच्या आळीची झाली. इथवर ठीक होतं. पुढं असं झालं की खालच्या आळीतली पोरं केस वाढवून हिंडू लागली आणि वरच्या आळीत तिघांनी टोप्या आणल्या. 'आमची गाणी' आणि 'त्यांची गाणी' यावरून पाणवठ्यावर बोलाचाली झाल्या. एका सोयरिकीत मुलीकडच्यांनी "तुमी रॉकवाले न्हवं?" असं विचारून पाहुण्यांना चहावरच वाटेला लावलं. ही सगळी निष्ठा एकही गाणं न ऐकता निर्माण झालेली होती. निष्ठा शुद्ध राहायची असेल तर ती अशीच लागते.

मग मार्च उजाडला आणि तालुक्याहून कागद आला. देणगीदाखल मिळालेल्या ज्या वस्तू वापरात नसतील, त्या एकतीस तारखेनंतर मागणी असलेल्या गावाला द्याव्यात. खंडाळ्याकडच्या एका गावानं खोक्याची मागणी आधीच केली होती. वापराची खात्री करायला विस्तार अधिकारी येणार होते, बाजाराच्या दिवशी.

इलाहीची झोप उडाली. बाकीची खुशाल जावोत, पण चौदा नंबर जाणार म्हटल्यावर त्याला घास गोड लागेना.

समितीला तसली काही काळजी नव्हती. तिनं अहवाल तयार ठेवला होता: सर्व शिफारसप्राप्त ध्वनिमुद्रिकांना ग्रामस्थांचा उदंड प्रतिसाद, समाधानी श्रोते सत्त्याण्णव टक्के, उरलेले तीन टक्के पाहुण्यांकडे गेले आहेत.

अधिकारी आले, त्यांनी अहवाल वाचला, खाली ठेवला, आणि असं काही बोलले की समितीला घाम फुटला.

"छान. आता एखादी लावून दाखवा."

"लावू की, साहेब," लालासाहेब म्हणाले. "इलाही, घे रं एक नंबर."

"एक नंबर वरच्या आळीची हाय," आप्पासो उठले. "पयला मान त्यांचा कशापायी? तीन नंबर लावा."

"केसाळ्यांची?" दादासो ओरडले. "आमच्या आळीत कर्णा हाय, त्यो आमी उतरवू, पर पयली तुमची वाजू देणार न्हाई."

"मग आमीबी लिंबावरचा उतरवतो!"

चावडीपुढं दोन्ही आळ्या जमल्या. बाहेर बाजार भरलेला. विस्तार अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, पेनचं टोपण काढलं, आणि 'वापरात ना' इतकं लिहिलं. इलाही उंबऱ्यावर उभा होता. वर्षभरात तो सभेत एकदाच बोलला होता. आता दुसऱ्यांदा बोलला.

"साहेब, चौदा नंबर लावू का? ती राखीव हाय. ती कुणाचीच न्हाई."

दादासोंनी आप्पासोंकडं पाहिलं. जिच्यात आपला पराभव नाही आणि दुसऱ्याचा विजय नाही, अशी तीच एक रेकॉर्ड खोक्यात होती. लालासाहेबांनी मान हलवली.

इलाहीनं हात पुसले आणि सुई ठेवली.

साडेतीन मिनिटं ती बाई बोरजाईवाडीच्या बाजारावरून गात राहिली. मधे ती थांबली, श्वास घेतला आणि पुढं गेली. मिरच्या मोजणारे हात थांबले. गाणं संपलं, तेव्हा चारशे माणसं उभी होती आणि कुणालाच कळत नव्हतं की आपल्याला ते आवडलं की नाही. बाजारानं दादासो-आप्पासोंकडं पाहिलं. त्या दोघांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेबांनी अधिकाऱ्यांकडं पाहिलं. अधिकाऱ्यांनी कागदाकडं पाहिलं, कारण या बाबतीत तालुक्याहून काही सूचना नव्हत्या. इलाहीला वाटलं, संपलं सगळं; आपल्यालाच खूळ लागलं होतं.

तेवढ्यात मेथीच्या जुड्यांमागून धोंडुबाईचा आवाज आला. धोंडुबाई दर बाजारी भाजी घेऊन बसायची आणि तिला कुठल्याच समितीनं कधी विचारलं नव्हतं.

"आरं इलाही, पुन्यांदा लाव की रं त्ये! लय ग्वाड हाय. माजी भन सासरी निगाली, तवा आशीच उबी ऱ्हायली हुती बग, येशीत."

इलाहीला हुंदका आवरेना. त्यानं पाठ फिरवून पुन्हा सुई ठेवली. या खेपेला लोक बिनधास्त ऐकत होते, एकमेकांना ढोसत होते, 'व्हय की, ग्वाडच हाय' म्हणत होते. कडेला जरिना डोळ्याला पदर लावून उभी होती. अधिकाऱ्यांनी 'वापरात ना' खोडून 'वापर समाधानकारक' असं लिहिलं. खोकं वाचलं. त्या दिवशी इलाहीइतका सुखी माणूस जिल्ह्यात नव्हता.

समितीनंही या घटनेची योग्य दखल घेतली. मंगळवारी तातडीची सभा होऊन धोंडुबाईला 'श्रवणतज्ज्ञ सदस्य' म्हणून एकमतानं घेण्यात आलं. बसायला खुर्ची देण्यात आली. चौदा नंबरची सर्वोच्च शिफारस होऊन ती रोज तीनदा लावण्याचा ठराव झाला.

पुढच्या बाजारी इलाहीनं केसवाल्या चौघांची रेकॉर्ड काढली. मोठ्या उमेदीनं धोंडुबाईपाशी गेला. "आक्का, ह्यीबी ऐका एकडाव. ह्यी येगळी हाय, पर मजा हाय."

धोंडुबाईनं पदर सावरला. "पाकीट दाव आदी," ती म्हणाली. "आन आसं एकदम कसं सांगू बाबा? आमची सभा हाय मंगळवारी."

चौदा नंबर आजही तिथं रोज तीनदा लागते. ती चालू असताना लोक मोठमोठ्यानं भाव करतात, भांडतात, पोरांना हाका मारतात. कुणाही ग्रामस्थाला विचारा, गाणं कसं आहे. तो कर्ण्याकडं न बघता सांगेल, अप्रतिम.

वाचकहो, तुम्ही या गावाला मनसोक्त हसलात, त्याबद्दल आभार. आता एकच करा. ज्या कुणी तुम्हाला 'ही गोष्ट वाचाच' म्हणून सांगितलं, त्याला शेवट काय आहे ते विचारून बघा. तो विषय बदलेल. त्याच्यावर रागावू नका. तुम्हीसुद्धा उद्या ही गोष्ट चौघांना सांगणार आहात, आणि त्या चौघांना कळायचं नाही की मधली दोन पानं तुम्ही नुसतीच चाळली होती.